नुसता ओरखडा

गेटं आणि कठडे करणारा तो वेल्डर एवढा पोचलेला थापाड्या होता, की आपण त्याच्या एखाद्या गोष्टीत सापडू या भीतीने कावळेसुद्धा दुकानावरून उडताना मान आखडून घेत. त्याने सांधलेल्या एका गेटाचा जोड म्हणे इतका बेमालूम होता, की दोन्ही पल्ले आपण कधीकाळी वेगळे होतो हेच विसरले. मालकाला तेव्हापासून भिंत चढून घरात जावं लागतं. असं तो सांगे, ऐकणारे पोट धरून हसत, आणि कठड्याचं काम त्यालाच देऊन जात.

त्याचा धाकटा भाऊ याच्या अगदी उलटा. तो दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायचा. दिवसभर लोकांच्या बत्तिशीत बोटं घालून बसलेला माणूस, पण स्वतःच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे अक्कलदाढ काढल्यासारखं. लहानपणापासून वाटणीच तशी झाली होती. बोलायचं थोरल्याने, ऐकायचं धाकट्याने.

मग थोरल्याच्या छातीत दुखलं. दवाखान्यात भरती व्हावं लागलं, छाती उघडून पाहावी लागली. त्याने मात्र सगळीकडे सांगून ठेवलं, की परगावी एका राजवाड्याचं गेट बसवायला चाललोय. भावालाही तेच. पुढे काही महिन्यांनी धाकट्याकडे एक म्हातारे गृहस्थ नव्या कवळीचं माप द्यायला आले. जुनी कवळी दवाखान्यात हरवली होती. कशी हरवली, तर शेजारच्या खाटेवरचा वेल्डर अशा काही गोष्टी सांगे की हसता हसता ती खिडकीबाहेर गेली.

धाकट्याने माप घेतलं, हात धुतले आणि थेट भावाचं घर गाठलं. दारातूनच विचारलं, की मी तुझा कोण लागतो. थोरल्याने काय सांगावं? त्याने राजवाड्याच्या गेटाची गोष्ट सुरू केली. ती अर्ध्यात असतानाच धाकटा वळला आणि जिना उतरून गेला. त्यानंतर तो भावाशी बोलला नाही. रस्त्यात दिसला तर पलीकडच्या फुटपाथवर जाई. वहिनीची मात्र विचारपूस करी, आणि तीही अशी, की जणू ती माउली एकटीच राहते.

हे असं बरेच दिवस चाललं असतं. पण थोरल्याला पुन्हा जिना चढताना दम लागू लागला, आणि डॉक्टरांनी दोन महिन्यांनंतरची तारीख देऊन पुन्हा तपासायला बोलावलं.

त्याच्या बायकोने त्याला समोर बसवलं. तिने आवाज चढवला नाही, यावरूनच तो समजून गेला.

"अहो, मागच्या वेळी त्या बाकावर मी एकटी बसले होते," ती म्हणाली. "या वेळी भाऊजी माझ्या शेजारी पाहिजेत. मी त्यांना सांगणार नाही. तुम्ही सांगायचं, तुमच्या तोंडाने. आणि राजवाडा मध्ये आणायचा नाही."

आता जो माणूस आपल्याला बघून फुटपाथ बदलतो त्याला सांगायचं कसं? तोड बायकोनेच काढली. धाकटा दर रविवारी दुपारी शाळेच्या नकाशांच्या खोलीत खेळायला जातो. ज्यात माणसं कागदावर वैद्य, शिलेदार, तिरंदाज होतात आणि फासे टाकून राक्षसांशी लढतात, तो खेळ. त्यांचा एक गडी बदली होऊन गेला होता. तिथे म्हणे धाकटा बोलतो. चक्क बोलतो.

हे ऐकल्यावर थोरला जेवता जेवता थांबला.

तो खेळ भूगोलाच्या बाई चालवत. उंच, सावकाश बोलणाऱ्या, आणि हाताच्या एका बोटाने वर्ग गप्प करणाऱ्या. त्यांनी धाकट्याला विचारलं, की तुमचे भाऊ येतायत, चालेल का. त्याने खांदे उडवले. टेबल काही माझ्या एकट्याचं नाही, म्हणाला. तिसरा गडी होता पोस्टमन. तो खेळात तिरंदाज होता. त्याची पत्रं बिनचूक पोचत, पण बाण मात्र कधी पत्त्यावर गेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

गुंडाळलेल्या नकाशांच्या मधोमध ते टेबल. बाईंनी थोरल्याला नियम सांगितले. लढाई सुरू झाली की प्रत्येकाने वीस बाजूंचा फासा टाकायचा. ज्याचा आकडा मोठा, त्याची पाळी आधी. आपल्या पाळीत एकदा जागेवरून हलायचं आणि एकच काम करायचं: वार करा, लपा, नाहीतर सोबत्याला मदत करा. वार लागला की नाही ते पुन्हा फासा सांगणार. समोरच्याचं चिलखत जितकं जाड, तितका मोठा आकडा पडायला हवा.

इथवर कुठल्याही टेबलावर असंच चालतं. पण या टेबलाची एक स्वतःची रीत होती. प्रत्येकाच्या मांडीवर एक झाकणाची डबी, आणि तिच्यात बटणं. ती बटणं म्हणजे आपला जीव. मार बसला की डबीच्या झाकणात लहान फासा टाकायचा आणि पडतील तेवढी बटणं खिशात घालायची. आपली डबी आपणच पाहायची. आकडा तोंडाने उच्चारायचा नाही. सोबत्यांना सांगायचं ते शब्दांत: कुठे लागलं, कसं लागलं, उभं राहवतंय की नाही. पूर्वी म्हणे लोक नुसते आकडे ओरडत आणि लढाईचा भाजीबाजार होई. बाईंनी तो बंद केला.

"आणि लेव्हल कशी वाढते?" थोरल्याने विचारलं. त्याची नजर वरच्याच पायरीवर.

बाई म्हणाल्या की मोहीम संपली की वाढते, आणि जे वापरलं असेल तेच वाढतं. तलवार चालवली तर तलवार. पळालात तर पाय.

थोरला शिलेदार झाला. पहिल्या रविवारी त्याने एका दरोडेखोराला लोळवलं आणि वर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. टेबलाच्या पलीकडून धाकटा वैद्य नकाशात डोळे घालून म्हणाला, "शिलेदार, डावीकडे बघ. अजून एक आहे."

शिलेदाराला म्हणाला, भावाला नाही. पण बोलला. थोरला ते एक वाक्य घरी असं घेऊन गेला, की जसं काही काचेचं भांडं. बायकोला दोनदा ऐकवलं. ती म्हणाली छान, आता दवाखान्याचं कधी सांगणार? तो म्हणाला, जरा जम बसू दे.

जम बसत गेला. शिलेदाराची तलवार वाढली, पुन्हा तलवारच वाढली. बाकी अंगाला गंज चढला तरी चालेल, पण पातं लखलखीत. वैद्य त्याला बजावे की फार पुढे जाऊ नकोस, आणि तो हमखास पुढे जाई. मार बसला की वैद्य विचारी, काय परिस्थिती आहे, आणि शिलेदाराचं उत्तर ठरलेलं: नुसता ओरखडा.

पोस्टमनचं याच्या बरोब्बर उलट. त्याला काटा टोचला तरी तो मृत्युपत्र सांगायला बसे.

आणि मग खिंडीत लांडगे आले. वैद्याकडे मलमाचा एकच डोस उरलेला. पोस्टमन कोपराला धरून विव्हळत होता. शिलेदाराला दोन लांडगे चावले होते, तिसरा लोंबकळत होता.

"शिलेदार," वैद्याने विचारलं, आणि विचारताना त्याने वर पाहिलं, "हे एकदाच लावता येणार आहे. तुला लावू का त्याला?"

थोरल्याचं बोट डबीत होतं. बटणं शोधावी लागत होती. पण सवय कुठे जाते? तो म्हणाला, "मला काय धाड भरली आहे? नुसता ओरखडा. त्या टपालवाल्याला लाव, बिचारा अंत्यविधीला पोचलाय."

वैद्याने मलम पोस्टमनला लावलं. पुढच्या पाळीला लांडगा पुन्हा चावला. थोरल्याने झाकणात फासा टाकला आणि तसाच बसून राहिला. बाईंनी विचारलं, काय झालं. त्याने डबीवर हात ठेवला. शेवटी बाईंनी बोट वर केलं, तेव्हा त्याने डबी उघडून टेबलावर ठेवली. आत तळ दिसत होता.

शिलेदार मेला. पोस्टमनने, एकदाचं काहीतरी खरं घडल्यामुळे, विव्हळणं बंद केलं. धाकट्याने आपले फासे एकेक करून पिशवीत भरले.

"मी विचारलं होतं," तो बाईंना म्हणाला. "तोंडावर विचारलं होतं. पुढच्या रविवारी येतो, मोहीम अर्धी टाकायची नाही म्हणून. त्यानंतर माझ्या जागी कुणीतरी बघा."

तपासणीची तारीख त्याच रविवारनंतरची होती, मंगळवारची.

त्या आठवड्यात बाई नकाशांच्या स्टँडचा मोडका पाय घेऊन दुकानात आल्या. पाय जोडून झाला तरी त्या उठेनात. थोरल्याला नवं पात्र बनवायचं होतं, आणि त्याची मागणी अशी, की या वेळी नखशिखांत पोलाद असलेला आणि थेट चौथ्या लेव्हलचा कुणीतरी द्या. बाकीचे चौथ्यावर आहेत ना? बाई म्हणाल्या, नवा माणूस पहिल्यापासून.

"पहिल्या लेव्हलचा माणूस चौथ्यावाल्यांत करणार काय?"

"जे चौथ्यावाले करत नाहीत ते," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी कामाच्या टेबलावर नट-बोल्ट मांडून लढाई लावली. हा बोल्ट तुम्ही. हा मोठा नट शत्रू. आता करा काय करायचं ते.

बोल्ट धावून गेला आणि मेला. पुन्हा मांडलं, पुन्हा मेला. एकदा तर तो शत्रूपर्यंत पोचायच्या आधीच, वाटेतल्या वॉशरला अडखळून मेला. बाईंनी दाखवलं की खांबाआड राहिलं तर शत्रूला मोठा आकडा लागतो. सोबत्याला बाजू दाखवून दिली तर त्याचा वार जोरात बसतो. आणि हाक मारायला पाळी खर्च होत नाही, फुकट आहे. थोरल्याला हे सगळं पटकन समजलं. लोखंडातलं डोकं होतं त्याचं, भार कुठे टाकायचा आणि टेकू कुठे द्यायचा हे त्याला कळत होतं.

अडलं ते पुढे. बाई म्हणाल्या, आता बोल्टला लागलंय. सांगा, कुठे लागलं?

थोरल्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, नुसता. मग थांबला. बाई म्हणाल्या, हं, पुन्हा. तेव्हा तो म्हणाला की बोल्टच्या खांद्यातून असं रक्त उसळलं की खालच्या गावातल्या लोकांनी होड्या काढल्या.

दुपारचा डबा घेऊन आलेल्या बायकोचं हसू आतल्या खोलीतून ऐकू आलं. ती हात पुसत बाहेर आली. "बाई, यांना मधलं काही येतच नाही. एक तर ओरखडा, नाहीतर महापूर. माणसाला लागतं तेवढं लागलंय हे काही यांच्या तोंडून निघायचं नाही."

बाईंनी बोल्ट उचलून त्याच्या हातात दिला. सराव करा, एवढंच म्हणाल्या.

त्याने केला. खोटं वाटेल, पण चार दिवस तो वेल्डर मशीन बंद करून बोल्टशी बोलत बसलेला गिऱ्हाइकांनी पाहिला. पाय मुरगळला आहे. हात उचलत नाही. डोळ्यांपुढे अंधारी येते. एवढी साधी वाक्यं, पण ती बाहेर येताना अशी अडत, की जणू कुणी उलट्या आट्यांचा नट फिरवतंय. राजवाड्यांची गेटं मात्र अजूनही सुळकन निघत.

रविवारी तो मशालजी होऊन टेबलावर बसला. पहिली लेव्हल, पातळ चिलखत, हातात मशाल. डबीत एवढी कमी बटणं, की हलवली तर वाजत होती. मोहीम शेवटच्या टप्प्यावर आली होती: पडक्या पाणचक्कीचं तळघर, आणि त्यात बैलगाडीएवढा एक सरडा. बाईंनी वर्णन करता करता सांगितलं, की सरडा जन्मांध आहे.

"म्हणजे माझी मशाल त्याला दिसायची नाही," थोरला म्हणाला.

"नाही," बाई म्हणाल्या.

पोस्टमन हसला. धाकटाही गालातल्या गालात हसला असावा, पण त्याने चष्मा पुसायला घेतला, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

लढाई जुंपली. मशालजी आपल्या मापाने वागला. खांबाआड राहिला, सरड्याचं पोट कुठे मऊ आहे ते तिरंदाजाला दाखवत राहिला. तिरंदाजाने बाण मारला तो छताला लागला. दुसरा मारला तो पाण्यात पडला. मग सरड्याने शेपूट फिरवलं. खांब गेला, आणि बाई थोरल्याकडे बघून म्हणाल्या, "लागलं."

थोरल्याने झाकणात फासा टाकला, बटणं खिशात घातली आणि डबीत बोट फिरवलं. एकच बटण उरलं होतं. पाळी त्याची होती.

मशाल सरड्याच्या तोंडात कोंबून मरता आलं असतं. काय गोष्ट झाली असती! ती गोष्ट त्याच्या जिभेवर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तयार होती. समोर धाकटा खाली मान घालून फासा फिरवत होता. या वेळी त्याने विचारलंच नव्हतं.

"नुसता," थोरला म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "डबीत एकच," आणि बाईंचं बोट वर गेलं. आकडा नाही. शब्दांत.

त्याने डबीचं झाकण लावलं.

"वैद्यबुवा," तो म्हणाला. आवाज त्याचा नेहमीचा नव्हता, कुणीतरी खालच्या मजल्यावरून बोलल्यासारखा होता. "मी मागे सरतोय. भिंतीला टेकलोय. मला लागलंय. बरगड्यांच्या आत. श्वास पुरत नाही. तू इकडे ये. मला एकट्याला जमायचं नाही."

धाकट्याने मान वर केली. फासा त्याच्या बोटांत तसाच राहिला.

वैद्य आणि मशालजी यांच्यामध्ये सरडा होता. बाईंनी नियम सांगितला: त्याच्या अंगावरून धावत जायचं तर तो एक फटकारा मारणार, टाळता येणार नाही. लांबून वळसा घेतला तर पोचायला आणखी एक पाळी लागेल. धाकटा म्हणाला, वळसा नको. तो धावला. बाई म्हणाल्या, लागलं. त्याने आपल्या झाकणात फासा टाकला, बटणं काढली.

"खांदा गेला," तो म्हणाला. "पण चालता येतंय. पोचलो. मलम लावतो."

आणि मग, मलमासाठी फासा टाकायचा तो न टाकताच, त्याने विचारलं, "आत म्हणजे कुठे?"

हे वैद्याने विचारलेलं नव्हतं. थोरल्याने शर्टावर हात ठेवला. "इथे. तीच जागा."

"परत?"

"परत. मंगळवारी बोलावलंय तपासायला. तुझ्या वहिनीला या वेळी बाकावर एकटीला बसवायचं नाहीये मला."

 मग पोस्टमनने हळूच विचारलं, की सरड्याचं काय करायचं.

"सरडा थांबेल," बाई म्हणाल्या.

धाकट्याने चष्मा काढला. "मागच्या वेळी मला कवळीच्या गिऱ्हाइकाकडून कळलं," तो म्हणाला. "माझ्या भावाची छाती उघडली होती, हे मला दात नसलेल्या माणसाने सांगितलं."

थोरल्याला यावर निदान तीन विनोद सुचले. एकेक उत्तम होता. त्याने तिन्ही गिळले, आणि गिळताना त्याचा चेहरा असा झाला की बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"हो," तो म्हणाला. "भीती वाटत होती."

एवढंच. पुढे मागे काही नाही. धाकटा त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिला, आणखी काही येतंय का याची वाट बघत. राजवाडा येत नाही असं पाहून त्याने मलमाचा फासा टाकला. चांगला पडला. तो म्हणाला, बटणं परत घे. थोरल्याने खिशातून बटणं काढून डबीत टाकली.

सरड्याला शेवटी पोस्टमननेच मारलं. त्याने बाण धाकट्याच्या सांगण्यावरून उजवीकडे नेम धरून सोडला, तो डावीकडे गेला आणि सरडा नेमका डावीकडे वळला. ही गोष्ट पोस्टमन पुढे कित्येक वर्षं पत्रांबरोबर घरोघर वाटत होता.

मोहीम संपली. मशालजीला दुसरी लेव्हल मिळाली. बाईंनी विचारलं, आज काय वापरलंत, काय वाढवू? थोरला मशाल म्हणाला. धाकटा म्हणाला, मशालीचा काय उपयोग झाला, आंधळा होता तो, पाय वाढव, मागे सरायला अजून फार वेळ लागतो तुला. थोरला म्हणाला, पुढचा राक्षस डोळस असला तर? दोघे त्यावर वाद घालत जिना उतरले. बाईंनी वरून ओरडून सांगितलं की पुढच्या रविवारपर्यंत ठरवा. धाकटा वळून हो म्हणाला. मग आपण काय बोलून गेलो हे लक्षात येऊन क्षणभर थांबला, आणि पुन्हा चालायला लागला.

बाहेर उन्हं उतरली होती. दुकानांची शटरं अर्धी वर होती. कोपऱ्यावर धाकट्याचा रस्ता वेगळा फुटत असे. तिथे तो रेंगाळला. तपासणी किती वाजता आहे ते विचारलं. गोळ्या कुठल्या चालू आहेत ते विचारलं. थोरल्याने सांगितलं, आणि सकाळची गोळी विसरतो हेही सांगितलं. मग जरा जड झालं म्हणून, डॉक्टर म्हणे माझं हृदय बघून म्हणाले की असं दणकट हृदय त्यांनी फक्त बैलाचं पाहिलंय, असं जोडून दिलं.

"दादा."

"बरं, नाही म्हणाले."

"जिना चढताना काय होतं?"

थोरल्याने चपलेकडे पाहिलं. "मध्येच थांबावं लागतं. कुणी बघत असलं तर मी चपलेत खडा गेल्याचं नाटक करतो."

धाकट्याने मान डोलावली. त्याची कवळ्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. "मग तू माझ्याकडे येत जाऊ नकोस," तो म्हणाला, "मीच येईन." आणि आपला रस्ता सोडून भावाच्या बाजूने, त्याच्या चालीला चाल लावून निघाला. मंगळवारी आपणही येतोय हे वहिनीला स्वतः सांगायचं होतं त्याला, आणि पायांचा मुद्दा अजून पुरता निकालात निघालेला नव्हता.